ठोक्यांचा नकाशा: नवं यंत्र बनवायचं तर सुरुवात कुठून करावी

निपाणीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "मी बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी बाबांना छातीत धडधडीचा त्रास होता म्हणून ॲब्लेशन झालं. डॉक्टरांनी हृदयाचा रंगीत नकाशा स्क्रीनवर दाखवला. तो काढतात कसा? ही यंत्रं कुणी शोधली? मला यात काही नवीन बनवायचं असेल तर सुरुवात कुठून करू? त्यासाठी डॉक्टर व्हावं लागेल का, परदेशी जावं लागेल का?"

मी ॲब्लेशन करणारा डॉक्टर आहे, म्हणजे शिरेतून नळी नेऊन हृदयातली बिघडलेली जागा जाळून धडधड थांबवणारा. आधी त्या रंगीत चित्राबद्दल बोलू, कारण हुशार इंजिनिअर नेमके तिथेच भुलतात. स्क्रीनवर दिसतं ते हृदय म्हणजे फोटो नव्हे. पायाच्या शिरेतून आत नेलेली कॅथेटर, म्हणजे टोकाला इलेक्ट्रोड असलेली बारीक नळी, एकेका जागी टेकवायची आणि प्रत्येक जागी दोन मापं घ्यायची: टोक नेमकं कुठे आहे आणि प्रत्येक ठोक्याला हृदयात पसरणारी विजेची लाट तिथे कधी पोहोचली. अशा शेकडो, आताच्या यंत्रांत हजारो बिंदूंमधून कॉम्प्युटर पृष्ठभाग जोडतो आणि त्यावर वेळेप्रमाणे रंग भरतो. बहुतेक यंत्रांत लाट जिथे सर्वात आधी पोहोचली तिथे लाल, सर्वात उशिरा पोहोचली तिथे जांभळा.

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बेळगावात तू बघितली असशील. ती निघाली कुठून हे तुला माहीत नाही, पण प्रत्येक गल्लीच्या तोंडावर एकेक माणूस घड्याळ घेऊन उभा आहे असं समज. सगळ्यांच्या वेळा गोळा केल्या की सुरुवात कुठे झाली ते सांगता येतं. अट एकच: सगळ्यांची घड्याळं एका वेळेला लावलेली हवीत. आम्ही त्यासाठी एक कॅथेटर कॉरोनरी सायनस नावाच्या शिरेत स्थिर ठेवतो आणि बाकी सगळ्या वेळा तिच्या मानाने मोजतो. ती अर्धा सेंटिमीटर जरी सरकली तरी नकाशा खोटा बोलायला लागतो, आणि रंग मात्र तितकेच सुंदर दिसत राहतात.

काही वेळा लाटेला सुरुवातच नसते, ती गोल फिरत असते. मग सर्वात लवकरचा लाल आणि सर्वात उशिराचा जांभळा रंग एकमेकांना चिकटून येतात. अशा वेळी नुसतं बघत बसून भागत नाही, चक्राला हात लावून बघावा लागतो. एखाद्या जागेवरून त्या चक्रापेक्षा जरा जास्त वेगाने पेसिंग करायचं, म्हणजे कॅथेटरमधून विजेचे बारीक ठोके द्यायचे, थांबायचं आणि पहिला ठोका परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. तो वेळ मूळ चक्राच्या वेळेपेक्षा ३० मिलिसेकंदांहून जास्त नसेल तर बहुधा आपण चक्रावरच उभे आहोत. हे तंत्र रंगीत नकाशाच्या आधीचं आहे आणि आजही अडलेल्या केसमध्ये मला तेच सोडवतं.

आता शोध कसे लागले ते बघू. या इतिहासात प्रत्येक यंत्र कुठल्या तरी ऑपरेशन टेबलापाशी अडलेल्या माणसाकडून आलेलं आहे. १९६८ मध्ये अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात विल सीली या सर्जननी मासेमारी करणाऱ्या एका तरुणाची छाती उघडली. त्याला वोल्फ-पार्किन्सन-व्हाइटचा आजार होता, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेची एक जादा तार जन्मापासूनच जोडलेली. हा आजार १९३० पासून कागदावर माहीत होता. तार दिसत मात्र नव्हती, कारण ती साध्या स्नायूसारखीच असते. मग हातात धरलेला इलेक्ट्रोड हृदयावरून जागोजागी टेकवून कुठे लाट लवकर येते ते मोजलं आणि तिथे कापलं. त्याचे झटके, म्हणजे अचानक सुरू होणारी धडधड (हार्ट अटॅक नव्हे), थांबले. नकाशा काढून उपचार करण्याचं सगळं शास्त्र त्या दिवशी टेबलावर होतं. पुढचा सगळा खटाटोप छाती न उघडता तेच कसं करायचं याचा आहे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, बेंजामिन शेरलॅग यांनी शिरेतून कॅथेटर नेऊन हिस बंडलचा, म्हणजे वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे वीज नेणाऱ्या जुडीचा, सिग्नल माणसात नियमितपणे टिपून दाखवला. त्याआधी ॲमस्टरडॅममध्ये डुरेर आणि वेलेन्स यांनी बाहेरून नेमक्या वेळी पेसिंगचा ठोका देऊन झटका सुरू करता येतो आणि थांबवताही येतो हे दाखवलं होतं. आता ऐकता येत होतं, छेडता येत होतं. बरं करता येत नव्हतं.

तो दरवाजा एका अपघाताने उघडला. १९७९ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक घटना प्रसिद्ध केली. तपासणीच्या दरम्यान रुग्णाला बाहेरून शॉक द्यावा लागला, विजेचा काही भाग आत असलेल्या कॅथेटरवाटे हिस बंडलजवळ उतरला आणि तिथलं वहन कायमचं बंद पडलं. अनेकांनी याला निव्वळ दुर्घटना म्हटलं असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेल्विन शाइनमन यांनी तेच जाणूनबुजून, मोजूनमापून केलं आणि १९८२ मध्ये मांडलं. मात्र डिफिब्रिलेटरचा शॉक हृदयाच्या आत म्हणजे छोटा स्फोटच. जागा निवडायला वाव कमी, इजा जास्त, आणि पुष्कळांना नंतर पेसमेकर. त्या दशकाच्या अखेरीस रेडिओफ्रिक्वेन्सी आली. सर्जनच्या कॉटरीचाच, म्हणजे विजेने जाळून कापणाऱ्या उपकरणाचाच हा भाऊबंद, साधारण ५०० किलोहर्ट्झचा प्रवाह. टोकाशी उती ५० अंश सेल्सिअसच्या वर तापली की तेवढाच ठिपका मरतो. १९९१ मध्ये जॅकमन आणि इतरांनी जादा तारा या पद्धतीने जाळण्याचे निकाल दिले आणि सीलींचं ते ऑपरेशन बघता बघता इतिहासजमा झालं.

या टप्प्यापर्यंत रंगीत नकाशा नव्हताच, हे ध्यानात घे. एक्स-रेची काळी-पांढरी सावली आणि कागदावरच्या रेघा एवढ्यावर सगळं चाले. आजही साध्या झटक्यांची बरीच ॲब्लेशन्स तेवढ्यावर होतात आणि ९५ टक्क्यांच्या वर यश मिळतं. म्हणून कुणी पेशंट "थ्रीडी नसेल तर नको" म्हणाला की मी त्याला बसवून समजावतो. कुठला झटका आहे त्यावर यंत्र ठरतं.

नकाशाची गरज पडली ती गुंतागुंतीच्या केसमध्ये: हार्ट अटॅकनंतरच्या जखमेभोवती फिरणारे झटके, आधी ऑपरेशन झालेली हृदयं, एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर). इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन विद्यापीठातले श्लोमो बेन-हाइम यांनी टेबलाखाली तीन चुंबकीय कॉइल आणि कॅथेटरच्या टोकात एक बारीक सेन्सर बसवला. सेन्सरमध्ये निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून प्रत्येक कॉइलपासूनचं अंतर काढायचं, की टोकाची जागा मिळते, तीही मिलिमीटरच्या आत. गेपस्टाइन, हयाम आणि बेन-हाइम यांचा निबंध १९९७ चा. पुढे 'कार्टो' नावाने हे यंत्र जगभर गेलं. दुसरी वाट नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या फ्रेड विटकाम्प यांची. शरीरावर तीन दिशांनी पट्ट्यांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीतून वेगळ्या वारंवारतेचा अत्यल्प प्रवाह सोडायचा आणि आतल्या इलेक्ट्रोडवर किती व्होल्टेज आलं त्यावरून जागा काढायची. १९९९ मध्ये त्यांनी ही 'लोकालिसा' मांडली. 'एनसाइट' यंत्रातली नॅव्हएक्स पद्धत त्याच वाटेची. इथे कुठलाही साधा इलेक्ट्रोड चालतो, खास सेन्सर लागत नाही. पण छाती म्हणजे एकसारखा ठोकळा नव्हे. फुप्फुसात हवा भरली, पेशंटला सलाइन जास्त गेलं, की नकाशा हळूच सरकतो. चुंबकाला ती अडचण नाही, त्याला आसपासचं लोखंड नडतं. आता बहुतेक यंत्रं दोन्ही पद्धती एकत्र वापरतात.

तुझ्या शाखेच्या मुलांनी मला विचारावं असं एक कोडं सांगतो. कॅथेटरच्या टोकावरचा सिग्नल कधी पाच मिलिव्होल्ट, जखमेच्या कडेला कधी मिलिव्होल्टचा दहावा भाग. खालच्या कप्प्यात दीड मिलिव्होल्टच्या वर असेल तर आम्ही उती निरोगी धरतो, अर्ध्याच्या खाली असेल तर दाट व्रण. म्हणजे उपचाराचा निर्णय अर्ध्या-एक मिलिव्होल्टवर. आणि त्याच टोकातून, त्याच क्षणी, ३०-४० वॅटची रेडिओफ्रिक्वेन्सी जात असते, कित्येक दहा व्होल्टची. त्या गदारोळात तो मिलिव्होल्टचा तुकडा आम्हाला स्वच्छ दिसायला हवा, कारण प्रवाह सोडणाऱ्या पेडलवरचा पाय उचलायचा की नाही ते त्यावरच ठरतं.

हे जवळून कसं दिसतं बघ. सर्वात नेहमीच्या झटक्यात, एव्हीएनआरटीमध्ये, विजेचं चक्र वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोडपाशी फिरतं. तिथे आम्ही उजव्या वरच्या कप्प्यातल्या, कॉखचा त्रिकोण म्हणतात त्या जागेत काम करतो. ज्या मंद वाटेला जाळायचं ती खाली आणि ज्या नोडवर माणसाचं आयुष्य चालतं तो वर, मध्ये काही मिलिमीटर. पेडल दाबलं की चांगल्या जागी जंक्शनचे, म्हणजे नोडच्या परिसरातून उठणारे ठोके सुरू होतात: आधी एक, मग सलग. ते हवेच असतात. माझी नजर त्यांच्यावर नसते, प्रत्येक ठोक्यामागून वरच्या कप्प्याचा सिग्नल येतोय का यावर असते. एकदाही तो चुकला की पाय वर, शब्द न बोलता. तिथे हयगय झाली तर तीस वर्षांच्या माणसाला पेसमेकर घेऊन घरी जावं लागतं. हा धोका शंभरात एकाहून कमी आहे. तो कमी राहतो तो त्या एका रेघेच्या स्वच्छपणामुळे. टेबलाचं अर्थिंग ढिलं, शेजारचा पंप गुणगुणतोय, लाइनच्या विजेची ५० हर्ट्झची झालर रेघेवर चढलीय, अशा अवस्थेत मी पेडलला पाय लावत नाही. आधी गुणगुण शोधायची. आमच्या लॅबचे टेक्निशियन एकेक प्लग काढत ती शोधतात, आणि त्यांच्याकडून मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या क्षेत्रात खरा शोध सिग्नलपाशी लागतो, चित्र मागून येतं. १९९८ मध्ये बोर्दोच्या हैसागेर यांच्या गटाने ४५ रुग्णांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन सुरू करणारे ठोके कुठून येतात ते शोधलं. ६९ पैकी ९४ टक्के उगम फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या आत सापडले. कॅथेटर नेऊन एकेक ठोका चिकाटीने वाचून हे सापडलं, आणि आज जगभर या आजाराचं ॲब्लेशन त्या शिरांभोवतीच होतं. उलट, पुढे फिरत्या लहरींची केंद्रं कॉम्प्युटरने रंगवून दाखवायची आणि तिथे जाळायचं अशी पद्धत आली. चित्रं फार आकर्षक होती. पहिले निकालही उत्तम आले, पण इतरांनी करून बघितलं तेव्हा तसं यश मिळालं नाही. कच्चा सिग्नल आणि पडद्यावरचा रंग यांच्यामध्ये किती गृहीतकं बसली आहेत हे कळत नसेल तर मोठमोठ्या लोकांचीही दिशाभूल होते.

टाकून दिलेलं परत येतं, हेही या इतिहासात दिसतं. शॉकची पद्धत मागे पडली, पण तीव्र विद्युतक्षेत्राने पेशींच्या आवरणाला भोकं पडतात हे तिच्यातलं तत्त्व शिल्लक राहिलं. आता तेच सूक्ष्म स्पंदांमध्ये, स्फोट न होऊ देता वापरतात. त्याला पल्स्ड फील्ड ॲब्लेशन म्हणतात. अमेरिकेत पहिल्या यंत्राला डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. हृदयाचा स्नायू या क्षेत्राला अन्ननलिका आणि नसांपेक्षा लवकर बळी पडतो, म्हणून शेजारच्या अवयवांना इजा कमी. या वाटेवरही विटकाम्प आणि त्यांचे सहकारी लवकर पोहोचले होते.

आता आपल्या भागाकडे. तुला यंत्र बनवायचंय तर इथे अडतं कुठे ते आधी बघ. माझ्याकडे कणकुंबी-जांबोटीकडून पेशंट येतात, चंदगडकडून येतात, अथणी-रायबागकडून येतात. कुणी म्हणतं, "डॉक्टर, छातीत धडधडाय लागतंय, जीव घाबरा होतोय," कुणी कन्नडमध्ये तेच म्हणतं, "एदी ढवढव अंतैत्री." ते माझ्यापुढे बसतात तोवर नाडी ७८ आणि ईसीजी निर्दोष. झटका घरी आला, एसटीत बसेपर्यंत थांबला. मग कुणी गॅस म्हणतं, कुणी टेन्शन. बाई असेल तर टेन्शनचा शिक्का जास्तच पटकन बसतो. वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांचा झटका एकदा कागदावर सापडला आणि ॲब्लेशननंतर त्यांच्या गोळ्या सुटल्या, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. माझ्या लॅबमधलं महागडं नकाशायंत्र त्यांच्या काहीच कामाचं नव्हतं, कारण त्या तिथपर्यंत पोहोचतच नव्हत्या.

झटका चालू असताना बारा लीडचा, म्हणजे बारा कोनांतून टिपलेला ईसीजी मिळणं ही आपल्या भागातली खरी अडचण आहे. मनगटी घड्याळं एक लीड देतात. ती उपयोगी पडते, पण तीवरून झटक्याचा प्रकार बऱ्याचदा ठरत नाही. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात मशीन असतं, तर कधी पेपर संपलेला, कधी घामाने चिकट्या सुटतात, कधी लाइनची झालर इतकी की पी लहर, म्हणजे वरच्या कप्प्यांची खूण, दिसणं मुश्कील. एक काम तर यंत्राशिवायही होण्यासारखं आहे: ॲडेनोसिनचं इंजेक्शन देऊन झटका मोडताना मशीन चालू ठेवणं. तो मोडतो त्या चार-पाच सेकंदांच्या पट्टीत निदान लपलेलं असतं. इंजेक्शन दिलं, पेशंट बरा झाला, पण पट्टी काढलीच नाही असं झालं की मी हळहळतो. इंजेक्शन दिल्याबरोबर आपोआप नोंद धरून ठेवणारं, घामातही चिकटणारं, झालर स्वतः ओळखून "अर्थिंग बघा" असं मराठी-कन्नडमध्ये सांगणारं स्वस्त मशीन मला दे. त्याने जेवढ्या लोकांचा झटका सापडेल तेवढा नव्या नकाशायंत्राने सापडणार नाही.

शोध म्हणजे महाग वस्तूच असं समजू नकोस. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये ४२८ पेशंटवर एक प्रयोग झाला. झटका आलेल्या माणसाने दाबमापकाच्या नळीत (एरवी त्याऐवजी १० मिलीची सिरिंज चालते) १५ सेकंद जोर लावून फुंकायचं, लगेच त्याला आडवं करून पाय ४५ अंशांवर १५ सेकंद धरायचे. नेहमीच्या फुंकण्याने १७ टक्क्यांचे झटके थांबले, या पद्धतीने ४३ टक्क्यांचे. खर्च एका सिरिंजचा. अर्थात हे डॉक्टरांच्या नजरेखाली करायचं.

तुला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हवा असेल तर विटकाम्पांची पद्धत पाण्याच्या टाकीत करून बघ. प्लॅस्टिकचा टब, मिठाचं पाणी, समोरासमोर स्टीलच्या पट्ट्यांच्या तीन जोड्या, तीन वेगळ्या वारंवारता. मधे तारेच्या टोकाचा इलेक्ट्रोड फिरव आणि तीन व्होल्टेज वेगळे काढून त्याची जागा सांग. खरी जागा पट्टीने मोज. मग टबात एक हवेचा फुगा ठेव आणि नकाशा कसा वाकडा होतो ते बघ, आणि तो वाकडेपणा गणिताने सरळ करता येतो का ते बघ. एवढं जमलं तर तू आजच्या नकाशायंत्रांच्या गाभ्यापर्यंत पोहोचलीस. सॉफ्टवेअरकडे ओढा असेल तर एमआयटी-बीआयएचचा अऱ्हिदमिया संग्रह, म्हणजे बिघडलेल्या ठोक्यांच्या ईसीजींचा साठा, फुकट आहे: ४८ नोंदी, प्रत्येकी अर्ध्या तासाची, सेकंदाला ३६० नमुने. पण त्यावर ९९ टक्के अचूकता मिळवून हुरळू नकोस. त्या नोंदी बॉस्टनच्या पेशंटच्या आहेत, रायबागच्या उन्हाळ्यातल्या नाहीत.

माणसाला मात्र घरी बनवलेलं काहीही जोडायचं नाही, मित्रालासुद्धा नाही. हृदयाशी थेट जोडणाऱ्या उपकरणातून पेशंटकडे गळणाऱ्या प्रवाहाची नेहमीची मर्यादा १० मायक्रोअँपिअर आहे. शंभराच्या आसपास तर हृदय थांबवणारी फिब्रिलेशन होऊ शकते. त्यासाठी आयसोलेशनचं, म्हणजे पेशंटला मुख्य विजेपासून वेगळं ठेवण्याचं शास्त्र आहे, आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, एथिक्स कमिटी आहे. याचा कंटाळा करू नकोस, ही तुझ्या डिझाइनचीच बाजू आहे.

कॅथेटर बनवायचा मोह सध्या बाजूला ठेव. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक व्हॉल्व्हचं मायक्रॉनमधलं काम करणारे कारागीर आहेत, मला त्यांचा अभिमान आहे. पण अडीच मिलिमीटर जाडीची, आत जाळी विणलेली, वाकणारी, पाणी सोडणारी प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यावर प्लॅटिनमचे कडे हा वेगळा धंदा आहे, तो उभा करायला वर्षं लागतात. अशक्य म्हणत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने हृदयाची झडप बनवली, आधीची मॉडेलं नापास होत होत डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या माणसात बसली. तिथे सर्जन आणि इंजिनिअर वर्षानुवर्षं एका छपराखाली होते. आपल्याकडे मेडिकल कॉलेजं आहेत, व्हीटीयू हे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ आहे, कारखाने आहेत. सगळं पंधरा किलोमीटरच्या आत. फक्त यातले लोक एकमेकांच्या खोलीत जात नाहीत.

डॉक्टर व्हायची गरज नाही. सिग्नल प्रोसेसिंग आणि विद्युतचुंबकीय क्षेत्रं पक्की कर, हृदयाचं शरीरशास्त्र एखाद्या एमबीबीएसच्या मित्राकडून शीक, आणि खाजगी असो वा सरकारी, ज्या कॅथ लॅबचे डॉक्टर परवानगी देतील तिथे एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा ॲप्रन घालून कोपऱ्यात उभी राहा. कन्नड येत असेल तर चांगलंच, निम्मे पेशंट कन्नडच बोलतात. बेंगळुरूला किंवा बाहेर पुढे जरूर जा, पण जाताना इथली अडचण नीट लिहून घेऊन जा. लॅबमध्ये सुरुवातीला डॉक्टरांकडे बघू नकोस, टेक्निशियनकडे बघ. ते एकच बटण तीनदा का दाबतात, कुठली वायर टेपने बांधून ठेवलीय, कुठल्या क्षणी सगळे स्क्रीनकडे मान वळवून गप्प होतात, ते वहीत लिही. मग त्यातली एकच नोंद घेऊन टेक्निशियनला विचार की हे का करता.

आणि बाबांचा झटका चालू असतानाचा ईसीजी फाइलमध्ये असेल तर त्याचे फोटो काढून ठेव. तो कागद थर्मल असतो, काही वर्षांत पुसट होतो, आणि पुढे कधी पुन्हा धडधड झाली तर कुठलाही डॉक्टर आधी तोच मागेल.